कशात ठेवायचं?

हल्ली आमच्या नात्यात कोणाकडेही गेलं की जेवणं आटोपल्यावर हमखास एक प्रश्न निघतो. फोन भरला, संगणक भरला, आता फोटो कशात ठेवायचे? हार्ड डिस्क घ्यावी की ती नवी एसएसडी? की सगळं क्लाउडवर टाकून मोकळं व्हावं? मला का विचारतात हे कोडंच आहे. मी जन्मभर इतिहास शिकवला, संगणक नव्हे. पण सत्तरी ओलांडलेली बाई ब्लॉग लिहिते म्हणजे हिला यातलं सगळं कळत असणार, असा एक गोड गैरसमज आमच्याकडे आहे. तो मी मोडायला जात नाही.

मात्र दुकानदार देतो तसं उत्तर मला देता येत नाही. माझं उत्तर इतिहासातून येतं आणि मग ते लांबतं. समोरचा जांभया देऊ लागतो. म्हणून एकदाचं इथे लिहून ठेवते. पुढे कोणी विचारलं तर सरळ दुवा पाठवीन.

सुरुवात आपल्याच पेशातल्या एका माणसापासून करते. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयर्नवूड नावाच्या गावी हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. पेपर तपासायचा कंटाळा कोणाला नसतो? (मी चौतीस वर्षं तपासले, मला विचारा.) जॉन्सन मास्तरांनी त्यावर उपाय शोधला. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर त्यांनी उत्तरपत्रिकेवरच्या पेन्सिलीच्या खुणा ओळखून गुण मोजणारं यंत्र बनवलं. आयबीएम कंपनीने १९३४ साली मास्तरांना नोकरीवर घेतलं आणि यंत्रही घेतलं. पुढे १९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या सान होजे इथे एक छोटी प्रयोगशाळा काढायला पाठवलं. तिथे १९५६ साली जे तयार झालं, ती जगातली पहिली हार्ड डिस्क.

तोवर माहिती ठेवायची कशात? भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत, नाहीतर चुंबकीय फितीवर. एका कार्डावर ८० अक्षरं मावत. फितीवर पुष्कळ मावे, पण तिची अडचण वेगळी होती. मधलं काही हवं असेल तर तिथपर्यंतची सगळी फीत गुंडाळत जायचं. पोथीतला अठरावा अध्याय काढायला पहिल्यापासून एकेक पान उलटत बसण्यासारखंच ते. जॉन्सन यांच्या चमूने गोल तबकड्या एकावर एक रचल्या, त्यांवर चुंबकीय थर दिला, त्या गरगर फिरवल्या आणि एक दांडा असा बसवला की तो वरखाली होऊन हव्या त्या तबकडीच्या हव्या त्या जागी थेट पोहोचेल. पुस्तक हवं तिथे उघडता येतं, तसं.

मुलीकडे कॅलिफोर्नियात गेले होते तेव्हा माउंटन व्ह्यू इथल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात हे धूड पाहिलं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या. वजन टनाच्या घरात. संगणकासकट भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. आणि मावायचं काय, तर ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेल्या एका फोटोला साधारण तेवढीच जागा लागते. जावई म्हणाला, "आई, म्हणजे तुम्ही आत्ता त्या कपबशीचा फोटो काढलात ना, तो यात ठेवला असता तर दुसरा ठेवायला जागाच नाही."

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगते, कारण तो सगळा आकडे वाढत जाण्याचा इतिहास आहे. १९८० मध्ये सीगेटने घरगुती संगणकात बसेल अशी डिस्क आणली, तीत ५ एमबी मावायचे. २००७ मध्ये हिताचीने १ टीबीची आणली. म्हणजे सत्तावीस वर्षांत दोन लाख पट. त्याच २००७ साली अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, ते ज्या शोधासाठी मिळालं त्याचा या वाढीत मोठा वाटा होता. अगदी पुसट चुंबकत्वसुद्धा ओळखता येणारी वाचनसुई त्यातून तयार झाली. ही सुई तबकडीला टेकत नाही, वर तरंगते. पहिल्या यंत्रात ती केसाच्या जाडीहून कमी अंतरावर तरंगायची, आजच्या डिस्कमध्ये ते अंतर काही नॅनोमीटरवर आलं आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. तेव्हा चालू हार्ड डिस्क टेबलावरून पडली तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

जाता जाता एक शंका निस्तरते, कारण ती दर लग्नसराईत येते. १ टीबीची डिस्क आणली आणि संगणक ९३१ जीबीच दाखवतो, दुकानदाराने फसवलं! नाही हो. कंपनी टीबी मोजते दहाच्या पटीत, म्हणजे बरोबर एक लाख कोटी बाइट. कित्येक संगणक मोजतात १०२४ च्या पटीत. शेर आणि किलोचा घोळ आमच्या लहानपणी होता, तोच हा.

आता फ्लॉपी. आठ इंची फ्लॉपी आयबीएमने १९७१ मध्ये आणली, सव्वापाच इंची १९७६ मध्ये आली, आणि साडेतीन इंची, जी आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळली, ती सोनीची १९८१ ची. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा वार्षिक निकाल याच साडेतीन इंचीवर ठेवायचे. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरायची. कारकून भाऊसाहेब त्या फ्लॉप्या तांदळाच्या डब्यात ठेवायचे आणि आम्ही हसायचो. भाऊसाहेबांचं बरोबर होतं. त्या डब्यातल्या फ्लॉप्या अजूनही धडधाकट असतील, कोण जाणे. पण सोनीने २०११ मध्ये जपानातली फ्लॉपीची विक्री थांबवली. जपान सरकारच्या नियमांत मात्र "अर्ज फ्लॉपीवर द्यावा" अशी वाक्यं त्यानंतरही राहिली होती. ती काढून टाकायला २०२४ साल उजाडलं. सरकारी कामाची गती सगळीकडे सारखीच म्हणायची.

तर सांगायचा मुद्दा असा. साठवण निवडताना आपण विचारतो, "ही किती वर्षं टिकेल?" इतिहास मला सांगतो की वस्तू टिकूनही माहिती जाते. कारण ती वाचणारं यंत्र जातं, नाहीतर वाचता येणारा माणूस जातो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडातलं. विजेता विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्याची खानेसुमारी करवली. गाव कोणाचं, नांगर किती, गिरण्या किती, सगळं लॅटिनमध्ये चर्मपत्रावर लिहिलं गेलं. त्याला डूम्सडे बुक म्हणतात. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवं डूम्सडे करायचं ठरवलं. दहा लाखांवर लोकांनी त्यात भाग घेतला, त्यात शाळेतली मुलं फार होती. आपलं गाव, आपला रोजचा दिवस, आईवडील काय करतात, असं मुलांनी लिहिलं. हे सगळं त्या वेळच्या सर्वांत आधुनिक साधनावर, लेझरने वाचायच्या मोठ्या तबकड्यांवर भरलं. तबकड्या वाचायला खास यंत्र आणि खास संगणक लागे, आणि ते इतके महाग की ज्या शाळांनी लिहिलं त्यांतल्या कित्येकांना ते घेणंच परवडलं नाही. २००२ पर्यंत चालू स्थितीतली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या मंडळींनी जुन्या संगणकाचं सोंग घेणारी प्रणाली लिहून मजकूर सोडवला. २०११ मध्ये त्याचा मोठा भाग संकेतस्थळावर आला. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झालं आणि त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जपली. त्याच अभिलेखागारात १०८६ चं मूळ बाडही आहे. लॅटिन येणारा कोणीही ते आज उघडून वाचू शकतो.

दुसरी गोष्ट चंद्राची. माणूस उतरवण्याआधी जागा पाहून ठेवावी म्हणून नासाने १९६६ आणि १९६७ मध्ये पाच लूनर ऑर्बिटर यानं पाठवली. त्यांनी पाठवलेल्या चित्रांच्या फिती नासात पडून होत्या. जागा अडते म्हणून त्या टाकून द्यायची वेळ आली तेव्हा नॅन्सी इव्हान्स या बाईंनी आपल्या अधिकारात ते होऊ दिलं नाही. त्यांना हेही कळत होतं की नुसत्या फिती ठेवून उपयोग नाही, त्या वाजवणारी यंत्रंही हवीत. फ्रिजएवढी ती अवजड यंत्रं कोणी ठेवून घेईना, म्हणून बाईंनी ती स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवली. वर्षानुवर्षं! अखेर काही हौशी तज्ज्ञांनी ती कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एका केंद्रात आणली. जागा मिळाली ती बंद पडलेल्या एका मॅकडोनाल्डची. तिथे यंत्रं दुरुस्त झाली आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये, चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचं १९६६ चं चित्र पूर्वी कधी दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ बाहेर आलं. हे वाचलं तेव्हा मला त्या बाईंच्या घरच्या मंडळींचं कौतुक वाटलं. आमच्याकडे माळ्यावर एक जास्तीची परात ठेवली तरी तीनदा विचारतात. (अपोलो ११ चं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. चांद्रवीरांच्या त्या पहिल्या पावलांच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासाने २००९ मध्ये जाहीर केलं.)

पण एवढं लांब कशाला जायचं? पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून ४५ खंड काढले, तरी तो डोंगराचा एक दगड. कागद चांगला, शाई चांगली, अडचण एवढीच की ते मोडीत आहेत. मोडी शाळेतून गेली आणि वाचणारे एकेक करून कमी झाले. आमच्या घरीसुद्धा आजोबांच्या हातचं मोडी कागदांचं एक बासन आहे. वाटण्या, कर्जरोखे, एका लग्नाचा खर्च असं त्यात असल्याचं वडील सांगत. ते वाचून दाखवायचे. १९८८ साली ते गेले आणि घरातली मोडी त्यांच्याबरोबर गेली.

आणि हे फक्त जुन्या लोकांचं होतं असं समजू नका. १९९७ साली शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर आम्ही संगणकावर टंकून घेतला होता. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, दिवंगत शिक्षकांवरचे लेख, बरंच काही. ती फाइल फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्ड डिस्कवर अशी कोणीतरी इमानेइतबारे आणली. एक अक्षर गळलेलं नाही. उघडली की मात्र पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची रांगोळी! त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असे, आणि कोणत्या जागी कोणता तुकडा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवी. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, पण ते आपल्या घराघरांत पोहोचायला नवं शतक उजाडलं. जुन्या ब्लॉगर मंडळींना ते चौकोन चौकोन दिसण्याचे दिवस आठवत असतील. (मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली बरं का.) स्मरणिकेची एक छापील प्रत एका बाईंच्या कपाटात सापडली, त्यावरून आता पुन्हा टंकन चालू आहे.

मग जपायचं कसं? आपल्या पूर्वजांनी ते करून दाखवलं आहे, नकला करून. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. हातोहात नकला होत गेल्या आणि तीनशे वर्षांत पाठ इतके बिघडले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांना अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नक्कल केली म्हणजे काम झालं नाही, ती उघडून मूळाशी ताडून पाहायची, हा धडा मला तिथे दिसतो.

तो न गिरवल्याने काय होतं ते पिक्सार कंपनीला १९९८ मध्ये कळलं. 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट बनत असताना कोणाच्यातरी एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बहुतेक भाग संगणकावरून पुसला गेला. घाबरायचं कारण नाही, बॅकअप आहे, असं सगळ्यांना वाटलं. पाहतात तर बॅकअपच महिनाभर नीट चाललेला नव्हता, आणि ते कोणी तपासलं नव्हतं. गॅलिन सुसमन नावाच्या तिथल्या बाईंना नुकतंच मूल झालं होतं, म्हणून त्या घरून काम करत आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवत. तो संगणक पांघरुणात गुंडाळून गाडीने कचेरीत आणला. माझ्या नातवाचा तो आवडता चित्रपट आहे. एका बाळंतिणीच्या घरून तो वाचला हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, उगाच काहीतरी."

इतकं ऐकून भाचा परवा फोनवर म्हणाला, "मावशी, ते सगळं खरं, पण घेऊ काय ते सांग." बरं बाबा, सांगते.

रोजच्या संगणकात एसएसडी असावी. वेग फार चांगला आणि फिरणारं काही नाही. तिच्या आत फ्लॅश स्मृती असते. जपानच्या फुजिओ मासुओका यांचा तो शोध, १९८० च्या दशकातला. त्यात विजेचा भार इवल्याशा कप्प्यांत कोंडून ठेवलेला असतो आणि तो हळूहळू झिरपतो. रोज चालू असलेल्या संगणकात त्याची काळजी नाही, पण फोटो भरून एसएसडी किंवा पेनड्राइव्ह दहा वर्षं लॉकरमध्ये ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. उन्हाळ्यात गाडीत तर नकोच. पेनड्राइव्ह ही पिशवी आहे, कपाट नव्हे. आणि रस्त्यावर पाचशे रुपयांत '२ टीबी'चा मिळाला तर तो खोटा आहे. मागचं पुसून पुढचं भरत जातो, आणि भरलं असंच दाखवतो.

घरच्या संग्रहाला साधी, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क. एक नव्हे, दोन, आणि शक्यतो वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या हजारो डिस्कपैकी किती बिघडल्या ते जाहीर करत आली आहे. वर्षाला शंभरात एकदोन, असं ढोबळ प्रमाण दिसतं. ती एक आपली निघाली तर शंभरचा हिशेब काय कामाचा? म्हणून दुसरी. आणि दुसरी त्याच कपाटात ठेवू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांत वरच्या फळीवरचंही भिजलं आणि खालच्याही. एक डिस्क आपल्याकडे, एक बहिणीकडे दुसऱ्या गावी.

क्लाउड ही तिसरी प्रत म्हणून उत्तम. एकमेव म्हणून नको. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, कोणाच्यातरी इमारतीतल्या डिस्कच त्या. दक्षिण कोरियात देजॉन इथे सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तीत सरकारी नोकरांच्या कामाच्या फाइलींचा ८५८ टीबीचा साठा जळाला. एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत बाहेर ठेवलीच नव्हती.

सीडी-डीव्हीडीबद्दल एकच सांगते. लग्नाच्या छायाचित्रकाराने २००३ च्या सुमाराला दिलेली सीडी ही बाजारातल्या गाण्यांच्या सीडीसारखी ठशाने काढलेली नसते. तिच्यात रंगाचा थर लेझरने भाजलेला असतो आणि तो विटतो. वर आता नव्या संगणकांना सीडीचा खणही नसतो. ज्यांच्याकडे अशा सीडी आहेत त्यांनी या सुट्टीत उतरवून घ्याव्यात. फोटो जेपीईजी, लेख पीडीएफ आणि युनिकोड, अशा सगळीकडे चालणाऱ्या रूपातच ठेवा. दर चारपाच वर्षांनी नवी डिस्क घेऊन सगळं उचलून न्यायचं, आणि नेल्यावर चार फोटो उघडून पाहायचे. जुनी लगेच फेकायची नाही.

आता घरच्यांसाठी थोडं. १९८३ च्या मे महिन्यात दादाने आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. एकूण सात कॅसेट होत्या. १, २, ३ आणि ६ माझ्याकडे आहेत आणि त्या उतरवून झाल्या. जात्याची घरघर जास्त आणि आईचा आवाज कमी आहे, तरी शब्द लागतात. ते मी वहीत लिहूनही काढते आहे. ४, ५ आणि ७ तुमच्यापैकी कोणाकडे तरी आहेत. घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून पाहू नका, फीत गुंतली तर तुटेल. ज्यांच्याकडे मी उतरवून घेते ते गृहस्थ माझ्याच वयाचे आहेत, त्यांच्याकडचं यंत्र अजून ठणठणीत आहे, पण दिवाळीनंतर दुकान बंद करून ते मुलाकडे बंगलोरला जाणार आहेत. तेव्हा माळे पाहा. पोस्टाने नका पाठवू, गणपतीला कोणीतरी पुण्याला येईलच, त्याच्या हाती द्या. आणि डबीवर काहीही लिहिलेलं असलं, अगदी 'हिंदी गाणी' असलं, तरी पाठवा. दादाला जुन्या कॅसेटवर टेप करायची सवय होती.